फास्टर फेणेनंतर काय? अकरावीतल्या वाचकाला द्यायच्या साहस आणि विज्ञान कादंबऱ्या

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी अकरावी सायन्सला. सातवी-आठवीपर्यंत फास्टर फेणे, फेलूदा, ज्यूल व्हर्नची मराठी पुस्तकं असं हाताला लागेल ते वाचायची. दहावीच्या वर्षी सगळं सुटलं. आता सुट्टीत पुस्तक हातात घेते आणि वीस-तीस पानांत खाली ठेवते. साहसाच्या आणि विज्ञानाच्या गोष्टींची आवड अजून आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही चालतं. तर तिला काय द्यावं? शेवटी एक ओळ अशी : "वयाला न शोभणारं काही नको."

मी चोवीस वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीशी बसते, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये ऐकते. ताई, सर्वांत आधी हे सांगते की तुमच्या मुलीचं वाचन सुटलेलं नाही. ती अजून पुस्तक उचलते आहे. ज्यांचं सुटलं ती मुलं कपाटापर्यंत येतच नाहीत.

पुस्तक नेमकं कुठे खाली ठेवलं गेलं हे मला मुलांना विचारावं लागत नाही. परत आलेलं पुस्तक मिटून आडवं धरायचं आणि पानांची कड बघायची. बोटं जिथपर्यंत पोचली तिथपर्यंत ती मळकट दिसते, पुढे पांढरी. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'ची आमची प्रत पहिल्या साठ-सत्तर पानांपर्यंत करडी आहे आणि त्यापुढचा दोन बोटं जाडीचा भाग जवळजवळ कोरा. आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'चंही तेच. दोन्ही थोर पुस्तकं आहेत, पण "सर्वोत्तम विज्ञान कादंबऱ्या" अशा यादीत ती वर असतात म्हणून आईवडील तीच आधी आणतात. 'ड्यून'मध्ये पहिल्या प्रकरणापासून वेगळे शब्द, वेगळी घराणी, वेगळा धर्म. शेवटी दिलेला शब्दकोश उलटून बघत वाचावं लागतं. 'फाउंडेशन'मध्ये माणसं खोलीत बसून बोलतात आणि मोठ्या घटना पडद्यामागे घडतात. सवय पुन्हा लावायची असेल त्या मुलीला ही पुस्तकं वर्षभरानं द्या.

याउलट आमच्याकडे एक लहानसं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत सारखंच मळलेलं आहे. त्याचं दोनदा बाइंडिंग झालंय. जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेलं कॉनराड रिश्टरचं 'रानातील प्रकाश'. माझी पहिली शिफारस हीच.

साल १७६४, जागा अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोकडचं रान. चार वर्षांचा असताना पळवून नेलेला एक गोरा मुलगा लेनी-लेनापे या मूळ अमेरिकी जमातीत अकरा वर्षं वाढतो. मग गोऱ्या सैन्याशी झालेल्या तहात त्याला परत करायचं ठरतं. तो पंधरा वर्षांचा आहे. ज्यांना तो आईवडील म्हणतो त्यांनीच त्याला सैनिकांच्या हवाली करायचंय, आणि ज्या घरी त्याला नेलं जातंय त्या घराची त्याला घृणा वाटते. त्यांचे बूट, त्यांचे कपडे, बंद दारांची खोली, सगळं परकं. पाठलाग, नदी, जंगल, हाणामारी हे सगळं यात आहेच, पण शेवटी त्या मुलाला एका क्षणात एक निर्णय घ्यावा लागतो आणि त्यानंतर त्याला दोन्ही बाजूंना घर उरत नाही. पुस्तक परत करताना मुलं या शेवटावर माझ्याशी वाद घालतात. एका मुलीनं दोन दिवस पुस्तक ठेवून घेतलं होतं. तिचं वाचून झालं होतं, पण तिला वडिलांशी भांडायचं होतं. वडिलांनीही ते वाचल्याशिवाय भांडण होणार नव्हतं.

असं पुस्तक हवं. फास्टर फेणे संकटात सापडला तरी शेवटी "ट्टॉक" म्हणून बाहेर येणार याची खात्री होती, आणि दहाव्या वर्षी तीच खात्री हवी असते. भा. रा. भागवतांनी ती फार प्रेमानं दिली. सोळाव्या वर्षी मुलगी स्वतःच सायन्स घेते, कुठली मैत्री ठेवायची ते ठरवते, घरी काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवते. यातल्या काही गोष्टी मागे घेता येत नाहीत हे तिला कळायला लागलेलं असतं. अशा वेळी सगळं सुखरूप संपणारी गोष्ट तिला खोटी वाटते. म्हणून पुस्तक निवडताना मी एवढंच बघते : यात नायकाला स्वतः काही ठरवावं लागतं का, आणि त्याची किंमत मोजावी लागते का? पृष्ठसंख्या, बक्षिसं, मुखपृष्ठ या गोष्टी नंतर.

आपल्या मातीतली साहसकथा हवी तर गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत'. ठाकर वस्तीतला नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी, आणि त्याचं राणी माशीशी धरलेलं वैर. यात तलवार नाही, खलनायक नाही. सरळसोट कडा, दोर, धूर आणि घोंघावणाऱ्या माश्या. कड्याला लटकून मध काढायची ती वर्णनं वाचताना तळव्यांना घाम येतो. जब्बार पटेलांचा १९७७चा चित्रपट आणि त्यातली गाणी तिनं ऐकली असतील, त्यामुळे "ते मी पाहिलंय" म्हणेल. तरी द्या. अडचण एकच आहे, ठाकरी बोली. शहरात वाढलेल्या मुलांना पहिली दहा पानं जड जातात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे ती दहा पानं मोठ्यानं वाचायची. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला कळतो. तुम्ही दोघींनी एका रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर वाचा. अकराव्या पानापासून ती तुमच्यासाठी थांबणार नाही.

शुभदा गोगटे यांची 'खंडाळ्याच्या घाटासाठी' सायन्सच्या मुलांना मी हमखास देते. बोरघाटातून रेल्वे कशी नेली याची ही कादंबरी. विषयच असा आहे की साहस वेगळं शोधावं लागत नाही. १८५६च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. चढ ३७ फुटांना एक फूट, पंचवीस बोगदे, सुरुंग, पटकीची साथ, हजारो मजुरांचे बळी. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची बायको अॅलिस हिनं हे कंत्राट निभावलं. एवढा इतिहास आधी सांगून ठेवा. मग पुण्या-मुंबईच्या प्रवासात कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिन लागतं तेव्हा ती खिडकीबाहेर वेगळ्या नजरेनं बघेल. गाडीत वाचायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईवर आहे. एका बैठकीत संपतं. १९८३ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जीवशास्त्र आवडत असेल तर आधी हेच द्या.

आता विज्ञानाकडे. मराठीत सुरुवात जयंत नारळीकरांपासून करायची, यात मला शंका नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली होती, म्हणजे परीक्षक नाव बघून गुण देणार नाहीत. पहिलं बक्षीस मिळालं. मुलांना ही हकिकत फार आवडते. २० मे २०२५ला ते गेले. त्या जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर त्यांच्या पुस्तकांचं कपाट पहिल्यांदाच पूर्ण रिकामं झालेलं मी पाहिलं.

तुमच्या मुलीची बैठक मोडली आहे, म्हणून आधी 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह द्या, एका वेळी एक कथा. मग 'वामन परत न आला'. जमिनीत खोलवर एक पेटी सापडते. आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या आणि नाहीशा झालेल्या कुठल्याशा संस्कृतीनं तिच्यात ज्ञान साठवून ठेवलंय. ते उलगडत जाताना एक यंत्रमानव तयार होतो. विचार करणाऱ्या यंत्राला कुठवर मोकळीक द्यायची हा त्यातला प्रश्न. आज मुलं गृहपाठासाठी ज्या यंत्रांशी गप्पा मारतात ती यायच्या कितीतरी आधीचं हे पुस्तक आहे, हे वाचून झाल्यावर सांगा, आधी नको. 'प्रेषित' आणि 'व्हायरस' त्यानंतर. नारळीकरांच्या कादंबऱ्यांत माणसं मनात खोल उतरत नाहीत, कल्पना उतरते. काही मुलींना याचा कंटाळा येतो. तसं झालं तर आग्रह धरू नका.

इंग्रजीत पहिलं पुस्तक अँडी विअरचं 'द मार्शन'. मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर, हाताशी थोडे बटाटे आणि मोजकी हवा. रोजनिशीसारखं लिहिलंय, वाक्यं छोटी, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुलंही दमत नाहीत. पाणी कसं बनवायचं, किती उष्मांक लागतील, किती दिवस पुरतील, सगळे हिशेब पानावर मांडलेले. विअरनं आधी प्रकरणं स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली, वाचकांनी चुका दाखवल्या आणि त्यानं त्या सुधारल्या. तरी एक चूक त्यानं जाणूनबुजून ठेवली. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे कादंबरीच्या सुरुवातीचं ते यान कलंडवणारं वादळ तिथे होऊच शकत नाही. हे तिला आधी सांगू नका. भौतिकशास्त्राच्या मुलांनी ही चूक स्वतः पकडली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि हो, यात शिव्या आहेत, पहिल्याच ओळीपासून. कॉलेजच्या कट्ट्यावर ती याहून जास्त ऐकते.

त्यानंतर आर्थर क्लार्कचं १९७३ सालचं 'राँदेव्हू विथ रामा'. बावीसाव्या शतकात सूर्यमालेत एक प्रचंड नळकांडं शिरतं : ५० किलोमीटर लांब, २० किलोमीटर व्यासाचं, आतून पोकळ, स्वतःभोवती फिरणारं. एका यानातली माणसं त्यात उतरतात. आत काळाकुट्ट अंधार. ती मधल्या अक्षापाशी आत शिरतात, तिथे वजनच नसतं. मग शिडी, मग पायऱ्या, आणि जसजसं खाली जावं तसतसं अंगाला वजन येत जातं. इथे वही-पेन काढायचं. नळकांडं चार मिनिटांत एक फेरी घेतं, म्हणजे २४० सेकंद. २π भागिले २४०, कोनीय वेग आला साधारण ०.०२६. आतली त्रिज्या सुमारे ८ किलोमीटर, म्हणजे ८,००० मीटर. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या : साडेपाच मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास. आपल्याकडे ९.८. म्हणजे तिथल्या जमिनीवर माणसाचं वजन निम्म्याहून थोडं जास्त भरेल. आता पायऱ्यांवर, अक्षापासून दोन किलोमीटरवर, किती? त्रिज्या पाव, तर वजनही पाव. वर्तुळाकार गतीचा धडा शिकवताना एका भौतिकशास्त्राच्या सरांनी हेच गणित फळ्यावर मांडलं होतं आणि मधल्या सुट्टीत माझ्या खिडकीशी सात मुलं एकाच पुस्तकासाठी उभी राहिली. आमच्याकडे प्रत एक. मी सात चिठ्ठ्या टाकल्या.

व्हर्नकडे तिला पुन्हा आणायचं. तिनं लहानपणी वाचला तो बहुतेक कापलेला व्हर्न. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशी रूपांतरं करून तीन पिढ्यांना त्याची गोडी लावली, ते काम मोठंच आहे. पण आता पूर्ण पुस्तक. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या नावात समुद्राची खोली सांगितलेली नाही, पाणबुडीनं कापलेलं अंतर सांगितलंय. व्हर्नची एक लीग चार किलोमीटरची, म्हणजे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, मात्र भाषांतर बघून घ्या. लुईस मर्सियरचं १८७२ सालचं भाषांतर सर्वत्र पसरलंय आणि त्यात मूळ मजकुराचा जवळपास चौथा हिस्सा गाळलाय, आकडेही चुकलेत. एफ. पी. वॉल्टरचं घ्या, तेही तिथेच आहे.

आणि ते झालं की 'द मिस्टीरियस आयलंड'. तुम्हाला सांगते, पण तिला सांगू नका. त्या पाणबुडीचा कॅप्टन नेमो मुळात कोण हे या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटाकडे कळतं. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आहे, राजपुत्र डक्कर. व्हर्ननं त्याला टिपू सुलतानाच्या नात्यातला दाखवलंय आणि तो १८५७च्या उठावात लढलेला आहे. त्याचं सगळं कुटुंब त्यात गेलं. साम्राज्यांवरचा त्याचा राग, माणसांपासून दूर समुद्रात जाणं, सगळ्याचा अर्थ तिथे लागतो. झाशी, काल्पी ही नावं इतिहासात वाचलेल्या आपल्या मुलांना हे कळतं तेव्हा पहिलं पुस्तक पुन्हा उघडून बघावंसं वाटतंच. कापलेल्या आवृत्त्यांनी आपल्या मुलांकडून हा नेमो काढून घेतला याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बंगालीतलं 'चांदेर पाहाड' इंग्रजी भाषांतरात मिळतं. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ही कादंबरी १९३७ची. ते स्वतः आफ्रिकेत कधीच गेले नाहीत, पुस्तकं आणि नकाशे वाचून लिहिलं. बंगालच्या खेड्यातला शंकर पोटासाठी युगांडा रेल्वेवर जातो. माळावरच्या एकाकी स्टेशनात रात्री त्याला जाग येते, समोर ब्लॅक माम्बा. टॉर्चचा झोत सापाच्या डोळ्यांवर धरून तो हलायचं नाही असं ठरवतो, आणि टॉर्च धरलेला हात अवघडत जातो. घरचं चाकोरीतलं आयुष्य सोडून अनोळखी मुलुखात जाणाऱ्या मुलाची गोष्ट इतक्या जवळून सांगितलेली पुस्तकं मी थोडीच वाचली आहेत.

स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड' मुलं सहावीत वाचतात आणि विसरतात. सफरचंदांच्या पिंपात बसलेला जिम बाहेरचं बोलणं ऐकतो ते प्रकरण आता वाचू दे. आवडता माणूस खुनी निघतो हे सोळाव्या वर्षी वेगळं लागतं. जॅक लंडनचं 'द कॉल ऑफ द वाइल्ड' लहान आहे, कुत्री आवडत असतील तर द्या.

वयाला न शोभणारं, याबद्दल. सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'बद्दल पालक मला हमखास विचारतात : चोवीस मुलांना एकमेकांना मारायला सोडतात, हे कसलं पुस्तक? खरं आहे, हिंसा आहे. पण त्यातली सोळा वर्षांची कॅटनिस प्रत्येक मरणाचं ओझं वाहते. ज्या पुस्तकात माणसं पटापट मरतात आणि कुणाला काही वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही ते आधी स्वतः वाचा, दोन दिवसांत होईल, आणि मग ठरवा. लपवून मात्र ठेवू नका. लपवलेलं पुस्तक मैत्रिणीच्या मोबाइलवर असतंच, आणि मग त्याबद्दल बोलायला घरात कुणी उरत नाही.

पुस्तक देताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. एका वेळी तीन ठेवा, एक मराठी जाड, एक मराठी बारीक, एक इंग्रजी. निवड तिची. पन्नास पानांनंतर नकोसं झालं तर परत करायची मुभा द्या, कारण विचारू नका. "गोष्ट काय आहे सांग बघू" असं चुकूनही म्हणू नका, ती शाळेची तोंडी परीक्षा होते. तुम्हीही तेच पुस्तक वाचत असाल तर ती आपणहून बोलेल. क्लास, टेस्ट, प्रवेश परीक्षा यांतून तिला दिवसाची वीस मिनिटं मिळतील, तेवढी पुरेत. जुनी मराठी पुस्तकं दुकानात नसली तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, मागच्या कपाटांत ती असतात. न मिळाल्यास ग्रंथपालांना नाव लिहून द्या. आम्ही अशा चिठ्ठ्या जपून ठेवतो आणि खरेदीच्या वेळी काढतो.

पहिल्या तीन पुस्तकांत मी 'रानातील प्रकाश', 'खंडाळ्याच्या घाटासाठी' आणि 'द मार्शन' ठेवीन. तिनं कुठलं आधी उचललं आणि कितव्या पानावर थांबली एवढं मला कळवा, म्हणजे पुढची तीन त्यावरून सांगते.